उन्हाळा लिंबाच्या नावावर कुणी केला?

मार्च उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मॉलमधले परफ्यूमचे काउंटर एकाच सुरात बोलू लागतात. उन्हाळा आला, आता लिंबू लावा, संत्रं लावा, समुद्रासारखं काहीतरी लावा. लवंग, वेलदोडा, मिरी, जायफळ यांची नुसती चाहूल असलेली बाटलीसुद्धा डिसेंबरपर्यंत कपाटात ठेवा. फुलांपासूनही जपून राहा, उकाड्यात फुलं डोक्यात जातात. काही कडक मंडळी याच्याही पुढे जातात. मे महिन्यात सुगंध लावणंच मुळी चूक, दोन वेळा आंघोळ करावी, डिओ मारावा आणि गप्प बसावं, असं त्यांचं म्हणणं. ही मतं इतक्या ठामपणे आणि इतक्यांदा सांगितली जातात, की मोगऱ्याच्या मुलखात वाढलेली माणसं ऐन वैशाखात मोगरा लावायला संकोचतात. याचा मला राग येतो आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

आधी समोरच्यांचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं. उष्णतेने वास भराभर फैलावतो, म्हणून थंडीत सौम्य वाटणारा वास उन्हाळ्यात अंगावर येतो. मसाले उष्ण, त्यांच्या वासाने आणखीच उकडतं. फुलं गोड, घामात गोडवा मिसळला की चिकट, आंबूस वास तयार होतो. लिंबूवर्गातले वास मात्र स्वच्छ, चटकन उडणारे, कुणाला न टोचणारे. म्हणून उन्हाळ्याचा वास लिंबाचा. या सगळ्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्या एका खऱ्या वाक्याच्या आधाराने बाकीची खपवली जातात.

माझं म्हणणं उलट आहे. आपल्या उन्हाळ्यात लावावा असा वास म्हणजे हलका, फुलांचा आणि मसाल्याची बारीक धार असलेला. मोगऱ्याला लवंगेची, गुलाबाला मिऱ्याची, चाफ्याला वेलदोड्याची. हलका हा शब्द मी मनापासून वापरतो आहे आणि तो शेवटपर्यंत सोडणार नाही. पण हलकेपणा म्हणजे लिंबू, हे समीकरण मला मान्य नाही. ते आपल्या उन्हाळ्यातून आलेलंच नाही.

मग आलं कुठून? योहान मारिया फरिना हा इटलीहून आलेला अत्तरकार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात लिंबू, संत्रं, बर्गमोट यांचं हलकं सुगंधी पाणी विकू लागला. कोलोन हा शब्द तिथून जगभर गेला. त्या पाण्याच्या घडणीत लिंबाइतकीच नेरोलीही आहे, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क, हे आपले सल्लागार सांगत नाहीत. समुद्राच्या वासाचं तर आणखीच अलीकडचं. कॅलोन नावाचा रेणू १९६६ मध्ये फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचा कलिंगड आणि खारा वारा यांच्या मधला वास लोकप्रिय झाला तो थेट नव्वदच्या दशकात, १९९२ चं 'लो दिसे' आणि १९९६ चं 'अक्वा दी जिओ' ही परफ्यूम बाजारात आल्यावर. आज उन्हाळ्याचा स्वाभाविक वास म्हणून जो आपल्या गळी उतरवला जातो, त्याचं वय साधारण तीन दशकं आहे. तिकडे त्या वासाने लोकांना आनंद दिला, याबद्दल माझी तक्रार नाही. तो ऋतूचा नियम म्हणून नागपूर-सोलापूरला लागू करायला माझा विरोध आहे.

मसाला हिवाळ्याचा, हेही तिकडचंच. युरोपात नाताळच्या दिवसांत संत्र्यात लवंगा टोचून ठेवतात, दालचिनी-लवंग घालून वाइन गरम करतात, सुंठेची बिस्किटं भाजतात. तिथल्या माणसाला लवंगेचा वास आला की बाहेरचा बर्फ आणि घरातली शेकोटी आठवणार. ती आठवण खरी आहे, पण ती त्याची आहे. लवंग मुळात मालुकू बेटांवरची, जायफळ बांदा बेटांवरचं, दालचिनी श्रीलंकेची, वेलदोडा आणि मिरी आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाची. यांतल्या एकाही झाडाने हिवाळा नावाची गोष्ट पाहिलेली नाही. बारमाही उष्ण, दमट हवेत वाढणाऱ्या या वनस्पतींना थंडीच्या वस्तू ठरवण्याचा अधिकार, ज्यांच्या देशात त्या उगवतच नाहीत, त्यांना कुणी दिला? आणि आपण तो निकाल मान्य का केला?

आपल्या स्वयंपाकघराने तर तो कधीच मान्य केला नव्हता. पाडव्याच्या श्रीखंडात जायफळ-वेलची असते. कैरीच्या पन्ह्यात वेलदोडा असतो, काही घरांत केशरही. आमरसावर तूप आणि मिरपूड घेतात, कुठे सुंठ घालतात. ताकाला जिरं आणि आलं लागतं. भर दुपारी रसवंतीगृहात उसाच्या चरकात लिंबाबरोबर आल्याचा तुकडा जातो. म्हणजे ज्या महिन्यांत मसाल्याचा वास सोसणार नाही असं सांगितलं जातं, त्याच महिन्यांत आपण तो सर्वांत थंड पदार्थांत घालून पितो. तोंडाला जे गार वाटतं ते मनगटावर गरम कसं होईल? पन्ह्याचा पेला ओठांशी नेताना वेलदोडा आधी नाकाला कळतो, मग जिभेला. त्या क्षणी कुणाला उकडलेलं मला माहीत नाही.

'मसाला म्हणजे उष्ण' हे वाक्य बोलताना लोक आयुर्वेदाचा हवाला देतात. तिथे मिरी आणि सुंठ उष्ण आहेत, हे खरं. पण भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात लवंगेला थंड म्हटलं आहे, आणि बारीक वेलचीलाही शीत. दात दुखला की लवंगेचं तेल लावून दुखरी जागा बधिर करतात. युजेनॉल हे त्याचं मुख्य द्रव्य दंतवैद्य आजही झिंक ऑक्साइडबरोबर वापरतात. वेलदोड्यात निलगिरीच्या तेलातलं सिनिओल असतं, श्वास मोकळा करणारं. भाजणारा तिखटपणा मिरचीचा, आणि मिरचीतलं ते द्रव्य हवेत सहज उडत नाही, त्याचा सुगंध होतच नाही. जिभेवरची आग आणि नाकाला मिळणारा मसाल्याचा वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक समजून संपूर्ण ऋतूचा निर्णय घेतला गेला आहे.

आता लिंबाकडे. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मोठा भाग लिमोनीन असतो. ते १७६ अंशांना उकळतं. लवंगेचं युजेनॉल २५४ अंशांना. त्वचेवर कुणी काही उकळत नाही, पण या आकड्यांवरून कोण आधी उडणार ते कळतं. पुण्याच्या एप्रिलात लिंबाचा वास अर्ध्या तासात क्षीण होतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत नाहीसा होतो. विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांत तर बोलायलाच नको. मग काय होतं? माणूस दुपारी पुन्हा मारतो, चारला पुन्हा मारतो, आणि जो वास कुणाला त्रास न देणारा म्हणून निवडला त्याचा लोट दिवसातून तीन-चारदा शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. याच्या तुलनेत मोगरा आणि लवंग सकाळी एकदा, थेंबभर. उष्णता त्यांना सावकाश उलगडते. वास फैलावतो हे खरंच. पण फैलावणाऱ्या वासाला मात्रा कमी लागते, एवढाच त्याचा अर्थ. ज्यात सुगंधी तेल थोडं आहे असं ईडीटी, म्हणजे ओ द त्वालेत, घ्या, तेही एकच फवारा. उष्णतेने वास पसरतो म्हणून तो लावायचाच नाही, हे कोणतं तर्कशास्त्र?

शिवाय लवकर उडणारा वास तोच थंड, हा समज एका वाळ्याने मोडून पडतो. वाळ्याचं तेल सुगंधी द्रव्यांतल्या सर्वांत चिवट तेलांपैकी एक. कापडावर ते दिवसेंदिवस राहतं. त्याचे रेणू जड, संथ. तरीही माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या, खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडणाऱ्या कोणत्याही घराला विचारा, उन्हाळ्यातला सर्वांत गार वास कोणता. उत्तर लिंबू येणार नाही. गारवा हा वास किती पटकन पळतो यावर ठरत नाही. तो वास आपल्याला काय आठवून देतो, तोंडात आणि छातीत काय जाणीव जागी करतो, यावर ठरतो. ओल्या मातीचा वास गार आहे, ओल्या वाळ्याचा आहे, पहाटेच्या मोगऱ्याचा आहे.

'फुलं डोक्यात जातात' हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यात ज्याने काही केलं नाही त्याला शिक्षा होते. आपल्याकडे उन्हाळ्यात काय फुलतं ते पाहा. मोगऱ्याचा खरा बहर मार्च ते जून. सुरंगी फेब्रुवारी-मार्चात फुटते आणि वेंगुर्ला-शिरोड्याच्या बाजूला तिचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात. बकुळीचा सडा चैत्र-वैशाखात पडतो. सोनचाफा उन्हात भरतो. कडुनिंबाचा मोहर चैत्रात सगळी गल्ली भरून टाकतो. ही झाडं कडक उन्हातच फुलतात, आणि त्यांचे सुगंध याच हवेसाठी घडलेले आहेत. मोगऱ्याची कळी दिवसभर मिटलेली राहून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर उमलते आणि खुडल्यानंतरही रात्रभर सुगंध देत राहते. याहून उन्हाळ्याला सोयीचं फूल कोणतं? डोक्यात जातो तो वास बहुतेकदा फुलाचा नसतोच. तो असतो व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉल यांचा, म्हणजे व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा. १९९२ मध्ये आलेल्या 'एंजल' या परफ्यूमनंतर ही साखर परफ्यूममध्ये सर्रास शिरली आणि 'फ्लोरल' अशी चिठ्ठी लावलेल्या असंख्य बाटल्यांत आज तीच आहे. साखरेचा पाक मे महिन्यात चिकट लागतो, यात आश्चर्य कसलं? पण म्हणून मोगऱ्याला का बाहेर काढायचं?

आणि नेमकं इथेच मसाल्याचं काम सुरू होतं. फुलाच्या गोडव्याला टोक हवं असतं. ते टोक फुलात मुळातच असतं. परफ्यूमवाले ते फक्त थोडं पुढे आणतात. गुलाबाच्या तेलात युजेनॉल थोडं का होईना, असतंच. कार्नेशनला तर लवंगेचाच वास येतो. निशिगंधात मसाल्याशी नातं सांगणारे घटक आहेत, म्हणून तो गोड असूनही मिळमिळीत वाटत नाही. आणि लवंग स्वतः काय आहे? न उमललेली कळी. नागकेशर फुलातून येतं. केशर म्हणजे फुलातले तंतू. आपल्या मसाल्याच्या डब्यातला काही ऐवज तरी फुलांचाच आहे. फूल इकडे आणि मसाला तिकडे अशी भिंत निसर्गाने घातलेली नाही, ती दुकानातल्या फळीवर घातली गेली आहे. फ्रान्समध्येही १९४८ साली निना रिचीसाठी फ्रान्सिस फॅब्रों यांनी 'लेर द्यू तां' घडवलं ते कार्नेशन आणि लवंगेच्या धारेवर, आणि ते जगभर नाजूक म्हणूनच नावाजलं गेलं. मसाल्याने फूल जड होतं म्हणणाऱ्यांनी ते एकदा हुंगून पाहावं.

पण मला फ्रान्सची साक्ष काढायचीही गरज नाही. आपल्याकडे चैत्रात मोगऱ्याच्या गजऱ्यात मरव्याच्या काड्या गुंफतात, दवणा गुंफतात. मरवा तुळशीच्या कुळातला, कापरासारखी तिखट चुणूक असलेला. दवणा सुकत जातो तसा अधिक गडद, फळासारखा आणि मसाल्यासारखा एकदम होतो. ही जोडी कुणा तज्ज्ञाने बसवलेली नाही. गजरे ओवणाऱ्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या बसवली आहे, कारण नुसता मोगरा दुपारी थकतो आणि मरव्याच्या संगतीत ताजा राहिल्यासारखा वाटतो. हलका, मसालेदार, फुलांचा, उन्हाळ्यात अंगावर वागवायचा सुगंध याहून वेगळा काय असतो? चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर देवाला दवणा वाहतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईच्या हातावर अत्तर लावतात, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात, मोगऱ्याचं फूल देतात, आणि मग पन्हं आणि आंब्याची डाळ. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. देवाला उन्हाळ्यात सुगंध सोसतो, चैत्रगौरीला सोसतो. सोसत नाही तो फक्त ऑफिसात जाणाऱ्या माणसाला?

अंगणातली तुळसही यात आहे. कृष्णतुळशीच्या पानांत लवंगेतलंच युजेनॉल भरपूर असतं. संध्याकाळी तुळशीला पाणी घातल्यावर जो वास येतो, त्यात लवंग आहे. तो वास उन्हाळ्यात नकोसा झाला म्हणून कुणी तुळस डिसेंबरपर्यंत आत नेऊन ठेवलेली ऐकिवात नाही.

सुगंध ही आपल्याकडे नुसती हौस नव्हती, ती विद्या होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त विलेपन हा राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून येतो. आणि ज्या गोष्टीचा मला सर्वांत अभिमान वाटतो ती अशी, की 'गंधवाद' या सुगंधशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथावर मराठीत टीका लिहिली गेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथासोबत ते हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणलं, आणि १९८९ मध्ये बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने दोन्ही ग्रंथ छापले. ज्या भाषेत सुगंध कसा सिद्ध करावा यावर टीका लिहिणारे लोक होऊन गेले, त्या भाषेच्या माणसांना आज उन्हाळ्यात काय लावावं हे बाटलीवरच्या चिठ्ठीने सांगावं का?

'पण ऋतूप्रमाणे वास बदलावा हे तर आपले जुने लोकही सांगत होते,' असं यावर उत्तर येतं. होय, सांगत होते. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत हेमंतात अगरूचा लेप आहे आणि ग्रीष्मात चंदनाचा. हा भेद मला पूर्ण मान्य आहे. पण तो कशा-कशातला भेद आहे ते वाचा. अगरू हे राळेसारखं दाट, गडद लाकूड. चंदन मऊ आणि सौम्य. भेद वजनाचा आहे. मसाला एकीकडे आणि लिंबू दुसरीकडे, अशी वाटणी त्यात कुठेच नाही.

कनौजच्या अत्तराच्या व्यवहारावरून घेतलेला आक्षेप यापेक्षा भक्कम आहे, आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. कनौजचे व्यापारी उन्हाळ्यात खस, गुलाब, मोतिया, केवडा आणि मिट्टी विकतात. हिना आणि शमामा ही थंडीची अत्तरं. शमामात लवंग, जायफळ, जायपत्री, वेलची, जटामांसी असं पुष्कळ काही पडतं. मग मसाला थंडीचाच ठरला की नाही? नाही ठरला. शमामा जड होतो तो त्यात असलेल्या लवंगेमुळे नव्हे. मुळं, राळ, दगडफूल, औषधी अशा कितीतरी वस्तू तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, दीर्घकाळ शिजून भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा होणाऱ्या भांड्यातल्या, तेलात पुन्हा पुन्हा उतरतात, आणि तो सगळा थर एकदम नाकावर येतो. त्यातली एक लवंग उचलून तिच्या माथी सगळं वजन मारता येणार नाही. मोगऱ्याच्या हलक्या पाण्यात लवंगेचा अंश आणि शमामाचा फाया या दोन वस्तूंत, मठ्ठ्यातलं आलं आणि आल्याचा पाक यांच्यात असतो तेवढा फरक आहे. कनौजचा नियम वजनाचा नियम आहे आणि तो मी पाळतो. त्याच यादीत मोतिया, म्हणजे मोगरा, आणि गुलाब उन्हाळ्याच्या बाजूला आहेत, हे मात्र फुलांना घालवून देणारे लोक वाचत नाहीत.

राहिला गर्दीचा प्रश्न. लोकलच्या डब्यात, मे महिन्यात, चिकटून उभ्या असलेल्या माणसांत कुणी वासाचा भडिमार करू नये, हे मला शंभर टक्के मान्य. अनेकांना वासाने डोकेदुखी होते, दमा उठतो. त्यांच्याशेजारी बसायचं असेल तर काहीच लावू नये, आणि त्यावर वाद घालू नये. पण डब्यात खरोखर भडिमार कशाचा असतो ते प्रामाणिकपणे आठवा. तो असतो डिओचा. दाबाखालच्या वायूने फेकलेला, काखेपासून कॉलरपर्यंत मारलेला, 'फ्रेश' म्हणून विकलेला. त्याच्याविरुद्ध कुणी लेख लिहीत नाही. गजरा घातलेल्या बाईपासून डब्यात कुणी दूर सरकलेलं मी पाहिलेलं नाही. डिओने न्हाऊन आलेल्या माणसापासून मात्र लोक तोंड फिरवून उभे राहतात.

'सुगंध लावणं म्हणजे घाम लपवणं' हेही याच डिओने पसरवलेलं मत. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या स्रावांवर त्वचेवरचे जिवाणू काम करतात तेव्हा दुर्गंधी तयार होते, आणि तिला उपाय पाणी, साबण आणि धुतलेला सुती शर्ट. सुगंध हा त्याचा पर्याय नाही आणि कधीच नव्हता. आंघोळ करून, अंग कोरडं करून, मग कानामागे एक बोट, रुमालावर एक फवारा, किंवा कानाच्या वळणात अत्तराचा फाया. एवढंच. जो घामावर परफ्यूम मारतो तो चुकतो, पण त्याची चूक फुलाच्या नावावर मांडू नका.

पुरुषांनी फुलांचा वास लावू नये, या मताला मी जास्त जागा देणार नाही. वारकरी कपाळाला सुगंधी बुक्का लावतो, पूजेला बसलेला पुरुष चंदनाचं गंध लावतो, लग्नात नवऱ्या मुलाच्या गळ्यात फुलांचाच हार असतो. पुरुषी वासाची खूण म्हणून ज्याकडे घराघरांत पाहिलं गेलं ते १९३८ मध्ये पुरुषांसाठी आलेलं 'ओल्ड स्पाइस'देखील कार्नेशन आणि लवंगेच्या अंगाने जाणारं आहे. आपल्याकडे अनेक वडिलांनी ते बाराही महिने, मे धरून, दाढीनंतर गालांवर लावलं. म्हणजे मसालेदार फुलांचा वास उन्हाळ्यात पुरुषांच्या अंगावर कितीतरी वर्षं होता आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिंबाची शिफारस करणाऱ्यांनी तरी सांगायला हवी होती. बर्गमोटच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना कडक ऊन पडलं की त्वचा भाजते आणि तपकिरी डाग उठतात. जुन्या कोलोनमुळे मानेवर उठणारे असे डाग त्वचारोगतज्ज्ञांना चांगले परिचित होते. लिंबाच्या रसाने भरलेले हात उन्हात राहिले तरी असाच त्रास होऊ शकतो. मोठ्या कंपन्या आता ते द्रव्य काढून टाकतात किंवा त्याची मात्रा मर्यादित ठेवतात. पण रस्त्यावरच्या बाटलीची खात्री कोण देणार? युजेनॉलचीही काहींना ॲलर्जी होते, त्यांनी ते कातडीवर न लावता कपड्यावर लावावं. पण 'लिंबू निर्धोक, लवंग जाचक' असं सरसकट सांगताना उन्हाशी थेट वैर असलेलं द्रव्य कुणाच्या तेलात असतं, हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

या सगळ्यात आपलं नुकसान काय होतं तेही बोलायला हवं. जव्हारच्या डोंगरात शेतकरी भल्या पहाटे मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या खुडतात आणि त्या दादरच्या फूलबाजारात पाठवतात. सिंधुदुर्गात सुरंगीचे कळे झाडाखाली अंथरलेल्या कापडावर पाडून, वाळवून व्यापाऱ्यांना विकले जातात आणि सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात जातात. दवण्याचं तेल दक्षिणेत निघतं आणि परदेशी अत्तरकार ते हौसेने वापरतात. म्हणजे माल आपला, ऋतू आपला, तो कसा वापरावा याचं ज्ञान आपल्या गजऱ्यांत आणि हस्तलिखितांत. आणि उन्हाळ्याच्या जाहिरातीत झळकतं ते इटलीच्या किनाऱ्यावरचं लिंबू.

पुण्या-मुंबईत आता स्वतःची अत्तरं घडवणारी तरुण माणसं आहेत. त्यांनी उन्हाळ्यासाठी पुन्हा एक लिंबू बाजारात आणू नये. मोगरा आणि मरवा घ्यावा, सुरंगी आणि मिरी, सोनचाफा आणि वेलदोडा, बकुळ आणि लवंग. हलक्या हाताने घडवावं, साखर घालू नये. दुकानदारांनी एप्रिलच्या मांडणीत पहिल्या रांगेत या बाटल्या ठेवाव्यात. आणि लवंगेची धार असलेला मोगरा मे महिन्यात मागणाऱ्या माणसाला 'हा हिवाळ्याचा आहे' असं सांगणं या वर्षीपासून बंद करावं.